जुन्यासारखं

'अँटिक' हा शब्द आमच्या एकोडीत लाकूड घेणाऱ्या टेम्पोवाल्यानं आणला. त्याआधी आमच्याकडे जुनं होतं, मोडकं होतं, आजापंज्याचं होतं, पण अँटिक काही नव्हतं. घरकुल मंजूर झालं की जुनं मातीचं घर पाडावं लागतं. कवेलू उतरतात, मयाल उघडी पडते, फाटे अंगणात येऊन पडतात, आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस दारात उभा. "अँटिक माल हाये का जी?" घरकुलाचे पैसे मोजकेच. त्यात स्लॅब पडत नाही हे साकोली तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून घरमालक आजोबांनी बैलबंडीनं आणलेला सागवानी खांब देऊन टाकतो. भाव जळतणाच्या लाकडापेक्षा थोडा वर. त्याच खांबाचं पुढं शहरात टेबल होतं आणि त्या टेबलाला 'इतिहास' चिकटतो. खांब ज्याच्या घरात ऐंशी वर्षं उभा होता, त्याचं नाव त्या इतिहासात नसतं.

मला या व्यवहाराचा राग आहे आणि तो मी इथं लपवणार नाही. शहरातल्या वाचकांना तो आपल्यावर काढल्यासारखा वाटेल, गावातल्यांना आपल्यावर. दोघांचंही बरोबर आहे.

विषय एका कपाटाचा आहे. पुस्तकांचं फिरतं कपाट. चारही अंगांना पुस्तकं आणि बोटानं ढकललं की गोल फिरणारं. लहानपणी शेजारच्या गावच्या मालगुजाराच्या वाड्यात मी असं एक पाहिलं होतं. मालगुजारी १९५१ मध्येच गेली, वाडा मात्र बरीच वर्षं टिकला. त्या कपाटात पुस्तकं कमी आणि खात्याच्या वह्या जास्त होत्या. पण ते फिरायचं, आवाज न करता फिरायचं, आणि एवढं जड लाकूड एका बोटानं कसं हलतं याचं मला फार नवल वाटायचं. पुढं मी शिक्षक झालो, निवृत्त झालो, घरात चौदा-पंधराशे पुस्तकं जमली. छपरीत गावातल्या पोरांसाठी वाचायची जागा करायची ठरवली, तेव्हा ते कपाट आठवलं.

शाळेतली कपाटं मी तीस वर्षं पाहिली होती, म्हणून ती मला नको होती. लोखंडी, राखाडी, कुलपाची. किल्ली एका गुरुजीकडे आणि गुरुजी रजेवर. यात गुरुजींचा दोष म्हणाल तर थोडाच. शाळेतली पुस्तकं जडसंग्रहाच्या नोंदवहीत असतात, खुर्ची आणि घंटेच्या शेजारी. पुस्तक हरवलं तर जबाबदारी गुरुजीवर, आणि न वाचलेल्या पुस्तकाबद्दल कोणीही कधी खुलासा मागत नाही. मग कोणता शहाणा माणूस कुलूप उघडेल? राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे, तपासणी आहे. तपासणीला कपाट उघडतं. साताऱ्याकडच्या भिलार गावात २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. तिथं लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या आणि पुस्तकं उघड्यावर मांडली. त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण आपापल्या शाळेतलं कुलूप त्या कौतुकानं किती ठिकाणी निघालं?

फिरत्या कपाटाला कुलूप लावता येत नाही. मला ते आवडण्याचं अर्धं कारण हेच.

चीनमधल्या बौद्ध विहारांत शेकडो वर्षांपूर्वी पोथ्यांची अशी मोठाली फिरती कपाटं होती, माणसं लावून फिरवायची. ज्याला वाचता येत नाही त्यानं ते एकदा फिरवलं तरी पोथ्या वाचल्याचं पुण्य, अशी समजूत होती. इटलीच्या आगोस्तिनो रामेल्ली नावाच्या इंजिनिअरनं १५८८ साली छापलेल्या यंत्रांच्या पुस्तकात पुस्तकांचं एक उभं चाक काढून दाखवलं आहे, रहाटासारखं. वाचणारा बसल्या जागी, पुस्तकं फिरून समोर. अमेरिकेच्या जेफरसनकडे एकाच वेळी पाच पुस्तकं उघडी ठेवता येतील असं फिरतं टेबल होतं. पुढं एकोणिसाव्या शतकात विलायतेत आणि अमेरिकेत या कपाटांचे कारखानेच निघाले, आणि इंग्रजांच्या मागोमाग ती आपल्याकडच्या वकिलांच्या, संस्थानिकांच्या, मालगुजारांच्या घरी आली. म्हणजे ज्याला आज 'अँटिक' म्हणतात, ते त्या काळी नवं आणि सोयीचं सामान होतं. ते करणाऱ्यानं ते जुनं दिसावं म्हणून केलेलं नव्हतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी माझं निम्मं भांडण वाचकाच्या ध्यानात येईल.

गावातले आमचे वाढई, म्हणजे सुतार, वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो. त्यांनी आयुष्यभर नांगर, वखर, बंड्या, दारं-चौकटी, लग्नाचे पाट केले. शंकरपटासाठी हलके छकडेही केले. फिरतं कपाट त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग अंगणातल्या जात्याकडे बोट करून म्हणाले,

"गुरुजी, हे तं उभं जातं होय."

त्यानंतर मला त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला समजावलं. माझ्या चित्रात सगळं वजन खाली होतं, पायात लोखंडी तबकडी आणि तिच्यावर कपाट. ते म्हणाले, असं केलं तर वरून डुगडुगेल, आणि पोरं काय हळूच फिरवणार आहेत? "वजन वरतं टांगाचं, खाली नुसतं धराचं." म्हणजे मधोमध एक पक्का खांब जमिनीकडून उभा करायचा. कपाटाच्या वरच्या फळीला आतून एक वाटी बसवायची आणि ती वाटी खांबाच्या टोकावर टेकवायची. कपाट त्या टोकावर टांगलेलं राहतं, छत्री काडीवर राहते तसं. खाली तळाच्या फळीत खांबाभोवती फक्त एक कडी, कपाट इकडं-तिकडं झुलू नये म्हणून. भार टोकावर, तोल कडीला. जुन्या घरांची दारं बिजागरीशिवाय आपल्याच चुळीवर वर-खाली उखळीत फिरत. ती करणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मापं मात्र आम्ही दोघांनी बसून काढली. कपाट २० इंच चौरस. साध्या मराठी पुस्तकाला ७ इंच खोली पुरते. मग चारही बाजूंचे खण पोरांच्या कागदी भिंगरीसारखे एकापुढं एक मांडायचे: प्रत्येक खण १३ इंच लांब, ७ इंच खोल, आणि मधे ६ इंचांचा चौक आपोआप उरतो. त्या चौकातून ३ इंची खांब जातो. एका मजल्यावर चार खण, असे तीन मजले, बारा खण; खणात सरासरी बारा पुस्तकं धरली तरी १४४ झाली. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड मात्र यात बसत नाहीत, ते आडदांड आहेत, ते भिंतीलाच. १३ इंचांच्या फळीला पाऊण इंच जाडी दिली की सागवान कधी वाकत नाही. बाजारातल्या भुशाच्या फळीचं तीन फूट लांब कपाट घ्या, त्यावर पुस्तकं भरा आणि दोन पावसाळे थांबा. मधोमध पोट आलेलं दिसेल. पाणी लागलं तर फुगून फुटते ती वेगळीच.

लाकूड माझ्या पडलेल्या कोठ्याचं. त्यातली मयाल माझ्या आजानं घातलेली. आरा मशीनवाला तिला हात लावायला तयार नव्हता, कारण जुन्या लाकडात खिळे असतात आणि एक खिळा लागला की पातं गेलं. मामाजींनी अर्धा दिवस नुसती मयाल बोटांनी चाचपली, अकरा खिळे काढले, मग ती मशीनवर गेली. चिरली तेव्हा जो वास सुटला तो लिहून सांगता येत नाही. वरून काळी पडलेली मयाल आतून मधासारखी निघाली.

मग वाकस, रंधा, पटाशी, गुण्या. उभे-आडवे जोड भोक आणि कुसवाचे. एका लाकडाला भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात जेमतेम शिरणारं कुसू. खिळा एकही नाही. पायाचा अधिक दोन लाकडं एकमेकांत अर्धी-अर्धी कापून, टोकापासून टोकापर्यंत २४ इंच, मधे खांबाचं भोक, आणि खांबाला खालून पाचर. कडी धावड्याची. धावड्याचा आस बंडीला चालतो, इथं तर पुस्तकंच होती. वरची वाटी पितळेची. पितळेसाठी भंडारा सोडून दुसरीकडे जायची आम्हाला गरजच काय? तिथल्या एका कारागिरानं ती ओतून, घासून दिली. खांबाच्या टोकाला खळगा करून त्यात बसवली एक पोलादी गोळी, भंगारातल्या ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली. इथं शहरातला जाणकार नाक मुरडेल. मुरडू दे. ही गोळी त्या खळग्यात झिजायला माझी नातवंडं म्हातारी होतील.

डिंकाऐवजी मामाजींनी सरस वापरला, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलेला. डब्यातला पांढरा गोंद घ्या म्हटलं तर म्हणाले, त्यानं चिकटलेलं उघडत नाही. सरसाचा जोड ओली ऊब दिली की सुटतो. उद्या एखादी फळी बदलायची तर कपाट फोडावं लागू नये. पन्नास वर्षांनी दुरुस्त करणाऱ्या, अजून न जन्मलेल्या वाढयाची सोय हा माणूस आज करून ठेवत होता. दुकानातलं सामान करणाऱ्याला मी हे विचारून पाहिलं आहे. त्याच्या मते दुरुस्ती करणं म्हणजे नवं घेणं.

पॉलिशला दिवाळीपर्यंत थांबलो. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश केलं तर ओल धरून पांढरट पडतं. आधी जवसाचं तेल. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी-जवस टाकायची आमची रीत, त्यातलंच घाण्याचं तेल. ते लाकडात जिरवून पुसून काढायचं आणि आठ-दहा दिवस विसरायचं. (तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. मामाजी ती दोरीवर पसरून ठेवतात आणि मगच बिडी पेटवतात.) मग चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती कपड्यात कापसाचा बोळा धरून, हलक्या हातानं, गोल-गोल. एक हात वाळला की दुसरा. असे दहा-अकरा. लाख ही काही विलायती वस्तू नव्हे. पूर्व विदर्भात ती पळसावर, कुसुमावर धरते. गंमत अशी, की हिलाच इंग्रजी नावानं 'फ्रेंच पॉलिश' म्हटलं की शहरात तिचा भाव चढतो. आमचा पळस, आमची लाख, आणि बारसं पॅरिसला.

एकोणीस दिवसांचं काम झालं. मामाजींची रोजी ८०० रुपये, म्हणजे १५,२००. आरा मशीनचे ६००, पितळ आणि गोळी १,४००, चपडी-स्पिरिट-तेल-पॉलिशपेपर १,१००. एकूण १८,३००, लाकूड घरचं. हे आकडे मुद्दाम देतो, कारण आता जे सांगणार आहे ते त्यांच्याशिवाय कळणार नाही.

कपाट छपरीत उभं राहिल्यावर महिनाभरानं नवेगावबांध पाहून परतणारा एक गृहस्थ ओळखीतून घरी आला. शहरातला, सामानाचा व्यापार असलेला, बोलायला गोड. त्यानं कपाट फिरवून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, आणि मामाजींना दहाची ऑर्डर देऊ केली. नगाला २२ हजार. मामाजींनी इतकी रक्कम एका वेळी कधी ऐकली नव्हती. मग तो म्हणाला, फक्त एक करा, हे फार नवं दिसतं. साखळीनं थोडं बडवा, कडा झिजवा, पोटॅशच्या पाण्यानं काळपट करा, आणि बारीक ड्रिलनं छिद्रं पाडा, कीड लागल्यासारखी. लोकांना तेच हवं असतं.

मामाजी त्याला जे म्हणाले ते मी शब्दशः लिहून ठेवलं आहे. "कीड लागली असन तं आमी घेनाऱ्याले आधी दाखवून देतो जी. तुमी तं छेद पाडून मांगता."

त्याला हा विनोद वाटला. तो हसला.

मला या ठिकाणी थोडं थांबून भांडायचं आहे. सागाच्या पक्क्या गाभ्याला कीड सहसा धरत नाही. साग सोन्याच्या भावानं विकतो त्याचं एक कारण तेच. म्हणजे सागवानी कपाटाला किडीची छिद्रं पाडणं हा खोटेपणा तर आहेच, शिवाय अडाणीपणा आहे. नव्या संसदेत नागपूरकडचं सागवान गेलं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून २०२३ साली सागवान वाजतगाजत गेलं. त्यावर कोणी साखळी मारली का? नव्या लाकडानं नवं दिसावं आणि वयानं जुनं व्हावं, यात लाज कसली? मयालीवर माझ्या आजाच्या चुलीचा धूर बसला होता, तो खरा होता. रंधा मारून तो काढला, कारण पुस्तकांना धूर नको. आता यावर पोरांच्या हातांचा मळ बसेल, तोही खरा. साखळीच्या माराला कोणता काळ म्हणायचं?

पण भांडण इतकं सोपं नाही, कारण मामाजींचा मुलगा तिथंच बसला होता. तो नागपुरात घरोघरी तयार फळ्यांची कपाटं बसवतो. फळी येते कापून, स्क्रू येतात मोजून, याचा हात फक्त फिरवायला. तो बापाला म्हणाला, "तुमी नाई करान तं दुसरा करन. पैसा कायले सोडाचा?" आणि मी, ज्याची पेन्शन एक तारखेला बँकेत पडते, त्याला काय सांगणार होतो? कलेचं पावित्र्य? शहरातून येऊन ग्रामीण कारागिरीवर हळहळणाऱ्यांचा मला राग येतो तो याचसाठी. तत्त्वाची किंमत त्यांना द्यायची नसते. मामाजींच्या वडलांना बलुत्यात वर्षाचं धान मिळायचं. किती, ते देणाऱ्याच्या मनावर. आणि पायलीच्या मापात बोट कुठं धरायचं ते देणाऱ्याला बरोबर माहीत असे. ते दिवस फार छान होते असं म्हणणाऱ्यानं एक हंगाम दुसऱ्याच्या खळ्यावर हात पसरून उभं राहून पाहावं.

म्हणून मी गप्प बसलो, आणि मामाजींनी त्यांच्या पद्धतीनं तोडगा काढला. दोनच करीन, छिद्रं पाडणार नाही, बडवणार नाही, पॉलिश मात्र हवं तितकं गडद देईन. व्यापाऱ्यानं दोन नेली. ४४ हजार रोख दिले, लाकूडसुद्धा मामाजींचंच होतं. त्या पैशांत घरातलं एक दुखणं निभावलं. ते पैसे आले याचा मला आनंदच आहे.

सहा महिन्यांनी मुलगा नागपुरातल्या एका दुकानात फळ्या बसवायला गेला. तिथं कोपऱ्यात बापाचं कपाट. धावड्याची कडी पाहून त्यानं ओळखलं. त्या कडीची आतली कड मामाजी पटाशीनं अशी मारतात की हात फिरवला की कळतं. कडा झिजवलेल्या, पॉलिशवर ओरखडे, आणि छिद्रंच छिद्रं. त्यानं एका छिद्रात तार घालून पाहिली. किडा वाकडातिकडा जातो. तार सरळ गेली. किमतीची चिठ्ठी होती ८५ हजारांची, आणि वर लिहिलं होतं की ही ब्रिटिशकालीन वस्तू आहे, मध्य प्रांतातली. मध्य प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला. कपाट गेल्या होळीनंतरचं.

पोरानं फोनवर फोटो पाठवला. मामाजींनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "माहा नाव कुठी हाये?"

नाव असणार कसं? ब्रिटिशकालीन वस्तू करणारा माणूस मेलेला असला पाहिजे. जिवंत असला तर वस्तू अँटिक होत नाही. ८५ मधले ६३ हजार नुसत्या या खोटेपणाला मिळाले. लाकूड, हात आणि एकोणीस दिवस मिळून २२. शहरातल्या वाचकांना मी एवढंच विचारतो, की कारागीर जिवंत आहे, त्याला पुढचा दात नाही आणि तो बिडी ओढतो, हे समजलं असतं तर तुम्ही ८५ दिले असते का? मग तुमचं प्रेम लाकडावर आहे, की मेलेल्या माणसांवर?

आता गावाकडे वळतो. आमच्याकडे मुलीच्या लग्नात आंदण म्हणून जो दिवाण-कपाटाचा संच जातो, तो तालुक्याच्या दुकानातून येतो. चकचकीत सनमायका, आरशाला सोनेरी किनार, आत भुसा. भाव चाळीस-पन्नास हजार, हप्त्यानं. बापानं कर्ज काढलेलं असतं. त्याच पैशांत मामाजी सागाचा पलंग आणि पेटी देतील, पण ते वरातीत 'दिसत' नाही. मी हे एका लग्नघरी बोललो तर मुलीचा बाप म्हणाला, "गुरुजी, वाढयाच्या हातचं नेलं तं पावने हसतीन." हसणारे पाहुणेही शेतकरीच. त्यांच्याही घरात पाचव्या वर्षी त्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लटकत असतं, आणि ते नीट करायला मग वाढयालाच बोलावतात. तो पाहतो, भुशात स्क्रू धरत नाही म्हणतो आणि चहा पिऊन परत जातो. व्यापाऱ्यानं नव्याला जुनं करून फसवलं आणि आम्ही भुशाला लाकूड समजून फसलो. दोन्हीकडे नुकसान त्याच एका माणसाचं.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, त्यात सुतार. प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, कमी व्याजाचं कर्ज आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत. चांगलं आहे. पण प्रशिक्षणाच्या दिवसाला ५००, आणि मामाजींची रोजी ८००. अवजारांचं म्हणाल तर त्यांचा रंधा त्यांच्या बापाचा आहे आणि अजून केस कापतो. त्यांना अवजार नको आहे, त्यांना लाकूड आणि काम हवं आहे. स्वतःच्या धुऱ्यावरचा साग तोडायचा तर परवानगी, वाहून न्यायचा तर पास. जंगल राखायला ते हवंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्याला एक झाड लागतं त्यालाही तीच खिडकी, आणि ज्याला ट्रक लागतो त्यालाही तीच. ट्रकवाल्याला खिडकी उघडायची कशी ते ठाऊक असतं. इकडे घरकुलांत निघणारं जुनं सागवान टेम्पोत भरून जातं आणि गावचा वाढई रिकामा बसतो. पंचवीस-तीस घरं एका वर्षात पडली तर त्या लाकडावर गावातल्या तीन शाळांची बाकं होतील. हा हिशेब एकाही योजनेत नाही.

काम द्यायचं तर ते कसं अडतं, तेही सांगतो. माझ्या छपरीतलं कपाट पाहून एका शाळेच्या मुख्याध्यापकांना ते हवंसं वाटलं. पैसे उपलब्ध होते. कारण पोरं वाचतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी सहा-सात पोरं असतात, एक फिरवतो, दुसरा थांबवतो, भांडणं होतात, आणि त्या भांडणात कोणाच्या तरी हाताशी पुस्तक येतं. पुस्तकं एकाच अंगाला भरली की खालची कडी कुरकुरते, म्हणून ती आपापली सारखी लावायलाही शिकली आहेत. गेल्या वर्षात तीन पुस्तकं हरवली. नोंदवहीत असती तर माझ्या पगारातून कापली असती.

तर मुख्याध्यापकांनी कागद वर पाठवला. वरच्या कार्यालयातून तो परत आला: पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक जोडावा, आणि तीन दरपत्रकं सोबत असावीत. वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हा कायदा मी कागदावर लिहून पाठवला. मामाजींच्या उलाढालीत ४० लाख यायला त्यांना आणखी पाच जन्म घ्यावे लागतील, हे लिहिलं नाही. महिन्याभरानं जीएसटीची अट निघाली. दरपत्रकांची राहिली.

मामाजींचं दरपत्रक मी माझ्या अक्षरात लिहून दिलं आहे. सागवानी फिरतं कपाट, २० बाय २० इंच, तीन मजले, बारा खण, हातकाम, पॉलिशसह, २४ हजार रुपये. खाली त्यांनी सही केली, आणि कार्बनवरची प्रत घडी करून खिशात ठेवली. पंचक्रोशीत हे काम करणारा दुसरा वाढई आता नाही, तिसरा तर नाहीच. उरलेली दोन दरपत्रकं कोणाकडून आणायची, असं मी कार्यालयाला लेखी विचारलं आहे. पत्राला चार महिने झाले. दुसऱ्या कपाटाच्या फळ्या चिरून, ओळीनं काड्या घालून, छपरीत रचून ठेवल्या आहेत.